तांब्याचे जुने घंगाळ वास्तवदर्शी जलरंगात: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

तांब्याच्या जुन्या भांड्याचे जलरंगातले चित्र फसले की दोष शेवटच्या टप्प्यांवर ढकलला जातो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा पहिला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या पातळ रंगाचा थर, देण्याआधीच फसलेले असते. भांडे नारिंगी दिसते म्हणून सबंध आकारावर नारिंगी रंग पसरला जातो आणि मग त्यावर काळा घालून छाया, पांढरा घालून चकाकी आणि हिरवा घालून जुनेपण दाखवण्याचा खटाटोप सुरू होतो. पोस्टर कलरमध्ये हे काही प्रमाणात निभावते. पारदर्शक जलरंगात मात्र खालचा रंग वरच्या रंगातून दिसतच राहतो, त्यामुळे नारिंगीवर दिलेला हिरवा तपकिरी होतो, नारिंगीवर दिलेला निळा राखाडी होतो आणि कागदाचा पांढरा एकदा गेला की तो पुन्हा तसाच मिळत नाही. म्हणून या चित्रात नंतर काय घालता येणार नाही हे आधी ठरवायचे असते आणि सगळा क्रम त्यावरून लावायचा असतो.

उदाहरणासाठी घंगाळ घेतले आहे. त्याला रुंद तोंड, आतबाहेर दिसणारा पत्रा, फुगीर पोट, दोन कड्या आणि अंगभर मठार (ठोकणीचे ठसे) असतो, म्हणजे धातूच्या चित्रातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच वस्तूत भेटतात. कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात ते अजून सापडते. हंडा, कळशी किंवा तपेले रंगवायचे असेल तरी क्रम हाच राहील.

१. भांडे निवडणे आणि ते न घासणे

पहिली चूक रंगपेटी उघडण्याआधी होते. चित्र काढायचे म्हणून भांडे चिंचेने किंवा पावडरीने घासून लख्ख केले जाते आणि ज्या खुणांमुळे ते जुने होते त्याच पुसल्या जातात. तांब्यावरचा गडद तपकिरी थर, कडीच्या रिव्हेटभोवती आणि काठाच्या दुमडीत साठलेले हिरवे पुट, वर्षानुवर्षे हात लागून उजळ राहिलेला काठ, हे सगळे त्या वस्तूच्या वापराचे पुरावे आहेत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर लवकर चढतो आणि तो पुष्कळदा निळसर असतो. बाजारातून आणलेल्या नव्या भांड्यावर ही छटा कल्पनेने आणता येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ आणि जाळी काढावी, याहून अधिक काही करू नये. हिरवे पुट विषारी असते, म्हणून भांडे हाताळल्यावर हात धुवावेत.

वस्तूचा उपयोगही लक्षात घ्यावा. घंगाळ आंघोळीचे पाणी विसणून घेण्याचे भांडे आहे. पाणी तापते ते चुलीवरच्या हंड्यात किंवा बंबात. त्यामुळे जुनेपणा यावा म्हणून घंगाळाच्या बुडाला काजळीचा काळा पट्टा रंगवणे ही तपशिलाची चूक ठरते. हंड्याच्या बुडाला काजळी असेल तर ती मात्र सोडू नये. समोरच्या वस्तूवर जे नाही ते चित्रात आणायचे नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे.

ज्यांच्या घरी असे भांडे नाही त्यांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या घरगुती वस्तू पाहता येतात, मात्र तिथून फक्त आकार आणि तपशील टिपून आणावेत. धातूचा रंग प्रत्यक्ष समोर ठेवलेल्या वस्तूवरूनच शिकावा लागतो.

२. जागा, उजेड आणि मागची बाजू

धातू स्वतःच्या रंगापेक्षा आजूबाजूच्या गोष्टींनीच अधिक दिसतो. दोन खिडक्या, वर ट्यूबलाइट आणि समोर पांढरा सदरा घातलेला चित्रकार, अशा मांडणीत घंगाळावर चार वेगवेगळ्या चकाक्या येतात आणि त्यांतली कोणती आकार सांगते हे कळेनासे होते. एकच दार किंवा एकच खिडकी उघडी ठेवावी आणि विजेचा दिवा बंद करावा. जुन्या घरातले माजघर किंवा पडवीची आतली बाजू यासाठी उत्तम, कारण तिथे उजेड एका बाजूने आणि मऊ येतो. अंगावरचा सदरा गडद असावा. भडक लाल कपडा घंगाळाच्या पोटात उमटतो आणि तो धातूचाच रंग समजून रंगवला जातो.

सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकतो, त्यामुळे थेट ऊन येणारी जागा घेतली तर दोन तासांत पडछाया दुसरीकडे गेलेली असते. ऊन नको, उजेड हवा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड स्थिर असतो, परंतु त्या दिवसांत कागद वाळत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

कोकणातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. जांभ्याच्या भिंतीसमोर किंवा लाल कोब्यावर तांबे ठेवू नये. जांभ्याचा रंग आणि तांब्याचा छायेतला रंग इतके जवळ येतात की भांड्याची कड हरवते, आणि ती सापडावी म्हणून शेवटी काळी रेघ ओढण्याचा मोह होतो. शेणाने सारवलेली जमीन आणि मागे नीळ घातलेल्या चुन्याची भिंत असेल तर तांबे आपोआप पुढे येते, कारण निळसर थंड छटेशेजारी नारिंगी अधिक उबदार दिसतो. अशी भिंत नसेल तर फिक्या निळ्या-राखाडी रंगाचा धुवट कपडा मागे टांगावा.

भांड्याच्या बुडाभोवती, स्वतःच्या बसण्याच्या जागी आणि चित्रफळीच्या पायांजवळ खडूने खुणा कराव्यात. घरातल्या माणसांना घंगाळ हलवू नका असे सांगणे या खुणांपेक्षा कमी भरवशाचे आहे.

मोबाइलच्या छायाचित्राबद्दल सावधगिरी. छायाचित्र घ्यावे, पण केवळ त्याच्यावरून रंगवू नये. जवळून काढलेल्या छायाचित्रात भांड्याचे तोंड अवास्तव मोठे आणि बूड लहान येते. त्यासाठी दोन-तीन मीटर मागे जाऊन झूम वापरावा. त्याशिवाय कॅमेरा उबदार रंग स्वतःहून थंड करतो आणि चकाकीची जागा कोरी पांढरी करून टाकतो. तांब्यासारखा रंगीत धातू परावर्तित उजेडालाही स्वतःचा रंग देतो, त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक चकाक्या फिक्या गुलाबी-नारिंगी असतात. निव्वळ पांढरा फार थोड्या ठिकाणी असतो.

३. कागद, फळी आणि पाणी

चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, शक्यतो पूर्ण कापसाचा, मध्यम खरखरीत पोताचा कागद घ्यावा. पहिल्या चित्रासाठी ११ × १५ इंच, म्हणजे पाव इम्पीरियल, हा आकार पुरेसा आहे. त्याहून लहान कागदावर मठाराचे ठसे काढताना ब्रशचे टोक अपुरे पडते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सरावाला चालेल, पण या पद्धतीत रंग ओला करून उचलावा, म्हणजे कागदावरून परत काढून घ्यावा लागतो आणि तो कागद दुसऱ्या घासण्यातच फुसफुशीत होतो.

कोकणात कागद खराब होतो तो वापरण्याआधी. जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि उघड्या ठेवलेल्या कागदावरचा सरसाचा थर मरतो. असा कागद दिसायला चांगला असतो, पण त्यावर रंग टिपकागदावर पसरावा तसा शोषला जातो आणि वॉशमध्ये गडद ठिपके उठतात. कागदाचे गठ्ठे प्लास्टिकच्या बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीपासून दूर ठेवावेत.

तपासणी. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब काही क्षण फुगून राहिला तर कागद ठीक आहे. लगेच आत जिरून गडद डाग पडला तर तो कागद रंगचाचण्यांसाठी बाजूला काढावा.

कागद ताणून घेणे टाळू नये. पाच-सात मिनिटे पाण्यात भिजवून तो जाड प्लायवूडवर पसरावा, जादा पाणी स्वच्छ फडक्याने टिपावे आणि चारही कडांना पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी टेप लावावी. प्लास्टिकची चिकटपट्टी ओल्या कागदावर धरत नाही. फळी आडवी ठेवून वाळवावी. उन्हाळ्यात काही तासांत होणारे हे काम पावसात पूर्ण रात्र घेते. घाईने फळी चुलीच्या उबेला धरण्याची पद्धत काही घरांत दिसते. धुराची काजळी ओल्या कागदात बसते आणि कागद एका बाजूने आधी आकसून टेप सोडतो, म्हणून ते करू नये.

पाण्याचाही प्रश्न आहे. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते. त्यातले क्षार कागदात राहतात, दमट हवेत ओल धरतात आणि वॉश एकसारखा वाळू देत नाहीत. पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे. दोन भांडी ठेवावीत, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक रंगात मिसळण्यासाठी. दुसऱ्या भांड्यातले पाणी गढूळ झाले की चित्रातला तांबे-रंगही गढूळ होतो. हे इतके साधे कारण असूनही फार उशिरा लक्षात येते.

४. रंग आणि दोन चाचण्या

रंग मोजकेच असावेत: रॉ सिएना, बर्न्ट सिएना, क्विनॅक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू आणि व्हिरिडियन. काळा आणि पांढरा पेटीतच राहू द्यावेत. पारंपरिक ॲलिझरिन क्रिमझन उजेडात उडतो, म्हणून गुलाबीसाठी क्विनॅक्रिडोन सुचवला आहे. व्हिरिडियन घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. पीजी १८ हा खरा व्हिरिडियन. तो दाणेदार बसतो आणि ओला करून उचलता येतो. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेल्या विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबमध्ये बहुधा पीजी ७, म्हणजे थॅलो ग्रीन असतो, जो कागदाला कायमचा डाग देतो. हिरव्या पुटासाठी दाणेदारपणाच हवा आहे.

ब्रश तीन पुरतात: गोल १० नंबर, गोल ६ नंबर आणि टोक शाबूत असलेला गोल २ नंबर. उचलण्यासाठी ताठ केसांचा एक जुना चपटा ब्रश जवळ असावा.

आता दोन चाचण्या. पहिली रंगांच्या मिश्रणांची: बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन थोडा-थोडा वाढवत पाच चौकोन भरावेत, आणि रॉ सिएनात रोझ वाढवत आणखी पाच. दुसरी चाचणी छायाप्रकाशाची आहे आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनच्या एकाच गडद मिश्रणाने सगळे घंगाळ पाच छटांमध्ये बसवावे. कोरा कागद ही पहिली छटा, सर्वांत दाट मिश्रण ही पाचवी. ज्यांनी शाळेत इलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना वेळेत पूर्ण करण्याची सवय लागलेली असते आणि हा छोटा अभ्यास वेळेचा अपव्यय वाटतो. परीक्षेचे वस्तुचित्र आणि हे चित्र यांत फरकच तो आहे. या अभ्यासात जे चकाकीचे डाग, जो काळोख आणि ज्या हरवलेल्या कडा ठरतील त्या मोठ्या कागदावर जशाच्या तशा जाणार आहेत.

तपासणी. वस्तूचे आणि अभ्यासाचे मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून शेजारी पाहावे. जवळजवळ प्रत्येकाचा अभ्यास फिका निघतो. धातूची भाषा तीव्र विरोधाची असते. मधल्या राखाडी छटांत अडकलेले घंगाळ मातीचे वाटते.

५. रेखाटन: लंबवर्तुळे नीट, मगच बाकी सगळे

रेखाटन ताणलेल्या कागदावर थेट करू नये. खोडरबराने कागदाचा पृष्ठभाग दुखावतो आणि तो भाग पुढे वॉशमध्ये गडद दिसतो. साध्या कागदावर पूर्ण आकारात रेखाटन करावे आणि ट्रेसिंग पेपरवरून उतरवून घ्यावे.

सुरुवात उभ्या अक्षरेषेपासून करावी. हात कोपरात ताठ ठेवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने तोंडाची रुंदी आणि भांड्याची उंची यांचे प्रमाण घ्यावे. नंतर तोंड, गळा, पोटाचा सर्वांत रुंद भाग आणि बूड, अशी चार लंबवर्तुळे पूर्ण काढावीत, मागची न दिसणारी बाजूसुद्धा. इथे तीन चुका ठरलेल्या आहेत. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोन येतो. तिथे नेहमी वळणच असते, कितीही अरुंद असले तरी. बुडाची कड सरळ रेघेने काढली जाते. डोळ्याच्या पातळीपासून जितके खाली जावे तितके लंबवर्तुळ अधिक गोल होते, म्हणून बुडाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त हवा. आणि काठाची जाडी सगळीकडे सारखी काढली जाते. ती डाव्या-उजव्या टोकांना सर्वांत रुंद, पुढच्या बाजूला त्याहून कमी आणि मागच्या बाजूला सर्वांत कमी दिसते.

तपासणी. ट्रेसिंग पेपर अक्षरेषेवर दुमडून उजेडापुढे धरावा. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर जी बाजू प्रत्यक्षाशी अधिक मिळते तिच्यावरून दुसरी दुरुस्त करावी. हाताने ठोकलेले भांडे किंचित वाकडे असू शकते, आणि पोचा आला असेल तर तो राहू द्यावा. परंतु भांड्याचा वाकडेपणा आणि हाताचा वाकडेपणा यांत गल्लत होऊ नये.

कड्या, त्यांची रिव्हेट आणि घातलेले नाव यांच्या फक्त जागा दाखवाव्यात. चकाकीच्या सीमारेषा अगदी हलक्या पेन्सिलीने काढाव्यात, कारण त्या पुसता येणार नाहीत.

६. कोरा कागद आणि हिरवे पुट

हा टप्पा सगळ्या कामाचा कणा आहे, आणि इथेच क्रम उलटा केला जातो.

दोन प्रकारच्या जागा आधी राखायच्या असतात. पहिली, कोऱ्या कागदाची: काठावरची बारीक चकाकी, रिव्हेटच्या माथ्यावरचा ठिपका, पोटावर उमटलेल्या खिडकीचा सर्वांत उजळ भाग. बारीक जागांना मास्किंग फ्लुइड (कागद झाकणारे, नंतर सोलून काढायचे रबरी द्रव) लावावे आणि मोठ्या जागा ब्रशने वळसा घालून सोडाव्यात. मास्किंगचा ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्यावा, नाहीतर केस चिकटून वाया जातो.

सावधान. मास्किंग फ्लुइड रात्रभर ठेवू नये. उष्णतेने आणि जास्त काळ राहिल्याने ते कागदाला घट्ट धरते आणि काढताना पापुद्रा निघतो. त्यावर हेअर ड्रायर मारू नये, उन्हात तर मुळीच ठेवू नये. सलग काम करता येणार नसेल तर मास्किंगचा नाद सोडून जागा ब्रशनेच राखाव्यात.

दुसरी राखीव जागा हिरव्या पुटाची. नारिंगी वॉशच्या आधी, कोरड्या कागदावर जिथे हिरवे पुट आहे तिथे स्वच्छ पाण्याचा तुटक ओला डाग द्यावा आणि त्यात व्हिरिडियनमध्ये किंचित कोबाल्ट ब्लू मिसळून फिका रंग सोडावा. रंग आपोआप पसरू द्यावा. ब्रशने चोळला की दाणे बसत नाहीत. कडा कुठे तीक्ष्ण, कुठे पाण्यात विरलेल्या राहाव्यात. पूर्ण वाळल्यावर पुढचा नारिंगी वॉश या डागांना टेकवत, काही ठिकाणी किंचित वर चढवत न्यायचा आहे. जिथे चढेल तिथे जो मळकट तपकिरी मिळतो तोच खऱ्या भांड्यावर हिरव्या आणि तांबड्याच्या सीमेवर असतो. उलट क्रमाने केले तर सगळाच हिरवा मळका होतो.

हिरवे पुट सगळीकडे शिंपडणे हीदेखील एक वाईट खोड आहे. ते पाणी साचते आणि फडके पोहोचत नाही तिथेच असते: रिव्हेटभोवती, काठाच्या दुमडीखाली, बुडाच्या कडेला. पोटाच्या मध्यभागी ते क्वचितच आढळते.

७. पहिला वॉश

रॉ सिएनात थोडा क्विनॅक्रिडोन रोझ घालून भरपूर पातळ मिश्रण बनवावे. वेगळ्या खळग्यात कोबाल्ट ब्लूचे अगदी फिके पाणी असावे, कारण खिडकीकडे तोंड केलेल्या भागात आभाळाचा थंड उजेड उमटतो आणि तो नारिंगीवर नंतर बसवता येत नाही. कागद चकाकीच्या जागा सोडून ओला करावा. थंड भागात निळा, उरलेल्या भागात नारिंगी सोडावा आणि दोघांना कडेने एकमेकांत मिसळू द्यावे. फळी थोडी तिरकी धरावी आणि खाली साठलेला थेंब कोरड्या ब्रशने टिपावा.

जमिनीचा आणि भिंतीचा पहिला फिका वॉशही याच बैठकीत द्यायचा आहे. मागची बाजू शेवटी रंगवली की भांडे कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते, कारण सगळ्या कडा सारख्याच तीक्ष्ण होतात. छायेच्या बाजूची कड एक-दोन ठिकाणी ओल्यातच भिंतीत विरू द्यावी.

हा वॉश ओला असताना भडक वाटला पाहिजे. जलरंग वाळल्यावर फिका पडतो.

तपासणी. पुढे जाण्याआधी हाताची मागची बाजू कागदाला हळूच लावावी. थंड लागला तर कागद आतून ओला आहे, वरून कितीही कोरडा दिसो. अर्धवट वाळलेल्या वॉशवर अधिक ओला ब्रश लावला की दातेरी कडांचे डाग उमटतात आणि ते जात नाहीत. पावसाळ्यात दोन वॉशमधला वेळ दुप्पट धरावा.

८. मधल्या छटा: बाहेरून आणि आतून

बर्न्ट सिएना मुख्य, त्यात जागेनुसार रोझ किंवा अल्ट्रामरीन. आता भांड्याची गोलाई येते. पोटाच्या वरच्या उतारावर भिंत आणि खिडकी उमटते, खालच्या उतारावर जमीन. सारवलेल्या जमिनीचा उजेड छायेच्या बाजूला खालून वर चढतो, त्यामुळे भांड्याची सर्वांत गडद पट्टी अगदी कडेला नसते. ती कडेपासून थोडी आत असते आणि कडेजवळ मळकट हिरवट-तपकिरी उजळ पट्टा दिसतो. तो परावर्तित प्रकाश दिसला नाही तर घंगाळ सपाट थाळीसारखे राहते. मात्र तो उजेडाच्या बाजूच्या कोणत्याही छटेपेक्षा गडदच असावा.

आतल्या बाजूचा नियम उलटा आहे. उजेड डावीकडून येत असेल तर बाहेरचा डावा भाग उजळ असतो, पण आतमध्ये उजवी भिंत उजळ आणि डावी काळोखात असते, कारण डावा काठ स्वतःच्याच आतल्या भिंतीवर सावली टाकतो. आत-बाहेर दोन्हीकडे डावी बाजू उजळ करण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की चित्र कसेतरीच दिसते आणि कारण सापडत नाही, अशा वेळी प्रथम हेच पाहावे. शिवाय आतला पत्रा एकमेकांत प्रतिबिंबित होत असल्याने तिथला नारिंगी बाहेरच्यापेक्षा अधिक लालसर आणि दाट असतो. तिथे रोझ वाढवावा.

कडांचाही विचार इथेच होतो. घासून उजळ राहिलेल्या पत्र्यावर दोन छटा एकमेकींना तीक्ष्ण कडेने भिडतात. तपकिरी थर चढलेल्या भागात त्या हळूहळू मिसळतात. एकाच घंगाळावर दोन्ही असतात, आणि जुन्या धातूचे वास्तव या फरकातून येते.

९. मठार

बहुतेकांचे लक्ष पहिल्यापासून या ठशांकडे लागलेले असते, म्हणून तो मुद्दाम इतका उशिरा ठेवला आहे. मोठी गोलाई बसण्याआधी मठार काढला तर भांड्याला देवीचे व्रण असल्यासारखे दिसते.

ठोकणीचा प्रत्येक ठसा हा एक लहानसा चपटा भाग असतो. त्याची एक कड उजेड घेते आणि समोरची कड काळोखी असते. सगळ्या ठशांची उजळ कड एकाच दिशेला नसते, ती पोटाच्या वळणाबरोबर बदलते. ठशांच्या ओळी लंबवर्तुळांना धरून जातात. पोटाच्या मध्यभागी ठसा त्याच्या खऱ्या रुंदीत दिसतो, बाजूला सरकताना अरुंद होत जातो आणि कडेला त्याची नुसती रेघ उरते.

आधी ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर चार-पाच ओळींचा सराव करावा. मग ६ नंबरच्या ब्रशने, खालच्या छटेपेक्षा एकच पायरी गडद मिश्रणाने, ठशाची काळोखी कड द्यावी आणि तिची आतली बाजू लगेच ओलसर ब्रशने विरवावी. ठसे मुख्यतः उजेड आणि छाया यांच्या मधल्या पट्ट्यात स्पष्ट दाखवावेत. पूर्ण उजेडात ते धुऊन जातात, पूर्ण छायेत दिसत नाहीत. प्रत्येक ठसा मोजून रंगवणाऱ्याचे कष्ट दिसतात, भांडे दिसत नाही.

१०. गडद भाग

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचे दाट मिश्रण, ज्यात बर्न्ट सिएनाचे प्रमाण जास्त असावे म्हणजे काळोखही उबदार राहील. काठाखालची सावली, आतला डावा कोपरा, कडीच्या मागची फट, रिव्हेटच्या खालची चंद्रकोर. हा रंग एकाच हाताने, न चोळता द्यावा. तीन-चार पातळ थरांनी आणलेला काळोख मेलेला दिसतो. कोऱ्या चकाकीला लागून सर्वांत गडद छटा आली की चकाकी आपोआप पेटते. एवढे झाल्यावर मास्किंग काढावे, आणि उघड्या पडलेल्या जागांपैकी एक-दोन वगळता बाकीच्यांवर फिका गुलाबी-नारिंगी पातळ रंग फिरवावा. या पायरीशिवाय चकाक्या कागदाला पडलेल्या भोकांसारख्या दिसतात.

११. जमीन आणि पडछाया

पडछाया भांड्याच्या बुडाशी गडद आणि तीक्ष्ण, दूर जाताना फिकी आणि मऊ. तिच्यात तांब्याचा उजेडही उतरतो, म्हणून बुडाजवळ ओल्यातच बर्न्ट सिएनाचा एक थेंब सोडावा. जिथे बूड प्रत्यक्ष जमिनीला टेकते तिथे सर्वांत गडद बारीक रेघ हवी, पण ती सलग नको; सारवणाच्या उंचसखलपणाने ती मध्येच तुटते. सारवलेल्या जमिनीवरच्या बोटांच्या अर्धगोल फिरकाऱ्या एक-दोन ठिकाणी सुचवल्या तरी पुरतात.

१२. कड्या आणि घातलेले नाव

कड्या बहुधा पितळेच्या असतात आणि पितळ तांब्याच्याच मिश्रणांनी रंगवले तर ते वेगळे कळत नाही. तिथे रॉ सिएना मुख्य, रोझ वर्ज्य, आणि छायेसाठी किंचित हिरवट झाक. कडी पत्र्यावर टाकते ती छोटी सावली विसरू नये. तिच्यावाचून कडी हवेत तरंगते.

भांड्यावर नाव घातलेले असेल तर ती अक्षरे म्हणजे पत्र्यात ठोकलेल्या ठिपक्यांची ओळ असते. पेनने किंवा सलग रेघेने ती लिहिली की छापील लेबल वाटते. २ नंबरच्या ब्रशने गडद ठिपके द्यावेत, दर तीन-चार ठिपक्यांनंतर उजेडाच्या विरुद्ध कडेला ब्लेडच्या टोकाने एक सूक्ष्म खरवड करावी, आणि अक्षरांची शिरोरेषा लंबवर्तुळाच्या बाकाप्रमाणे वळवावी. काही ठिपके झिजलेले असतात. ते तर्काने पुरे करू नयेत, अक्षर अर्धवट वाचता आले तरी चालेल. नाव कुणा हयात कुटुंबाचे असेल आणि चित्र बाहेर दाखवायचे असेल तर आधी विचारून घ्यावे.

१३. तपासून थांबणे आणि चित्र जपणे

चित्र आरशात पाहावे आणि पुन्हा एकदा कृष्णधवल छायाचित्र काढावे. पांढरा रंग लावून दुरुस्ती करण्याऐवजी ताठ ओलसर ब्रशने रंग उचलावा. उचलण्यासारखे काही उरले नाही आणि तरीही हात शिवशिवत असेल तर फळी भिंतीकडे तोंड करून ठेवावी.

टेप कापण्याआधी चित्र पूर्ण वाळलेले असावे. मागच्या बाजूला पेन्सिलीने वस्तूचे घरात म्हणतात ते नाव, तिची उंची आणि तोंडाचा व्यास सेंटिमीटरमध्ये, गाव आणि चित्राची तारीख लिहावी. चौकटीत बसवताना माउंट लावून काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवावे. काचेला टेकलेला कागद दमट हवेत चिकटतो आणि बुरशी धरतो. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. आतल्या भिंतीवरही चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे मागून हवा खेळती राहील, आणि जून लागण्यापूर्वी चौकट एकदा उतरवून मागची कागदी पट्टी सुटली आहे का ते पाहून घ्यावे.